तोफेची ओटी

हाळवाडीच्या तोफेबद्दल कुणी काहीही सांगतं. गेल्या ऑगस्टात स्वातंत्र्याच्या दिवशी ती उडवली, तेव्हा बोरगावहून आलेल्या एका वकिलांनी भाषणात तिला थेट पेशव्यांची करून टाकली. दुसऱ्या पाहुण्यांनी लगेच उठून ती त्याच्याही आधीची असल्याचं सांगितलं. दोघांनी टाळ्या घेतल्या. तोफेपासून दहा हातांवर बायकांच्या घोळक्यात यल्लव्वा लोहारीण पदर खोचून उभी होती. तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. माझं डोकं तिथंच फिरलं. तोफ कुणाची होती ते मला ठाऊक नाही आणि खरं सांगायचं तर त्याची मला पर्वाही नाही. ती आज बोलते आहे ती यल्लव्वामुळं, एवढं मात्र मी कुठंही शपथेवर सांगेन.

मी मूळचा खानापूरकडचा. एकतीस साली हाळवाडीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तो इथलाच झालो. शाळेला लागूनच भरमू लोहाराची भट्टी. पाढे म्हणून घ्यायला लागलो की पलीकडून घणाचे ठोके सुरू व्हायचे. पहिल्या आठवड्यात मी तणतणत तक्रार करायला गेलो, तर घण बाईच्या हातात! भरमू खाली बसून सांडशीत लोखंड धरतोय आणि समोर त्याची बायको यल्लव्वा, उंच, सडसडीत, कासोटा घालून, दोन्ही हातांनी घण उचलतेय आणि जिथं पाहिजे तिथंच उतरवतेय. मला बघून ती थांबली नाही.

"मास्तर, लोखंड लाल हाय तवर बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "काळं झाल्यावर सांगा काय सांगायचं त्ये."

लोखंड काळं होईपर्यंत माझी तक्रार विरून गेली होती.

लोहाराच्या घरी बायकांनी घण मारणं नवलाचं नाही. पण यल्लव्वाची गोष्ट वेगळी होती. भरमू हा मुलखाचा अबोल माणूस. गिऱ्हाइकाशी बोलणं तिनं करायचं, लोखंड पारखायचं तिनं, विळ्याला पाणी किती द्यायचं तेही तिनंच सांगायचं. भरमूला विचारलं तर तो मान तिच्याकडं वळवायचा. गावातले टवाळ त्याला त्यावरून चिडवायचे आणि तो गालातल्या गालात हसायचा. मला तर तो हाळवाडीतला सगळ्यात सुखी माणूस वाटे.

ती मात्र पुरती सुखी नव्हती, आणि त्याचं कारण देवळापुढं पडलेली ही तोफच होती.

हाळवाडी ओढ्याच्या अलीकडं, इंग्रजी मुलखात. पलीकडं कोनगाव, ते संस्थानात. ओढा म्हणजे तरी केवढा? चैत्रात घोट्याएवढं पाणी. पण राज्यं दोन, त्यामुळं दोन्ही गावांना आपापल्या शहाणपणाचा भारी गर्व. तरी सोयरिकी मात्र पूर्वापार. दरसाल मरगुबाईच्या जत्रेआधी हाळवाडीनं कोनगावला नारळ धाडायचा. नारळ आला म्हणजे आमंत्रण आलं. मग कोनगावच्या बायका देवीची ओटी घेऊन येत, आणि इकडून तिकडं ओटी गेली तर ती रिकामी परत करायची नाही, असा रिवाज. यल्लव्वाचं माहेर कोनगावचं.

मी येण्याआधी दोन वर्षं, एकोणतीसच्या महापुरात, ओढ्याची दरड ढासळली आणि पात्राच्या बरोबर मधोमध ही तोफ उघडी पडली. दोन्ही गावं म्हणाली, आमची. पंच बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी एका बाजाराच्या दिवशी कोनगावचे बाप्ये निपाणीला गेलेले बघून हाळवाडीकरांनी आठ बैलजोड्या जुंपल्या आणि तोफ ओढून आणली. संध्याकाळी कोनगावकर परतले तर वाळूत नुसते चाकोरीचे वळ. त्या वर्षी हाळवाडीनं नारळ धाडला नाही आणि कोनगावनं वाट बघितली नाही. ओढा ओलांडून कुणी कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, असं दोन्हीकडं ठरलं. बाप्यांनी तोफ ओढली आणि बायकांची वाट बंद झाली.

एवढं करून आणलेल्या तोफेचं केलं काय? काहीही नाही. देवळापुढं टाकली. कुणीतरी तिला तेल वाहिलं, कुणी शेंदूर लावला, आणि वर्षभरात तिची तोफव्वा झाली. अंगठाभर जाडीचा शेंदूर चढला. तोंडात चिमण्यांनी घरटं केलं.

यल्लव्वा रोज दिवस कलायला घागर घेऊन ओढ्यावर जायची. घरात आड होता, तरी जायची. पलीकडच्या काठावर तिची आई, बाळाबाई, म्हशीला पाणी दाखवायला यायची. दोघी उभ्या राहायच्या. ठरावात बोलायची बंदी होती, बघायची नव्हती. बाळाबाई म्हशीशीच मोठ्यानं बोलायची. "चंद्रे, औंदा जोंधळा बरा झालाय बग. चंद्रे, मष्णूला ल्योक झाला गं." मष्णू हा यल्लव्वाचा धाकटा भाऊ. असं भाच्याच्या जन्माचं वर्तमान तिला म्हशीच्या नावानं कळलं. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं तेव्हा मला हसू आलं आणि मग माझी मलाच लाज वाटली.

अडतीस साली देवळाचं नवं शिखर बांधून झालं. मारुतीराव पाटलांच्या मनानं घेतलं की त्या चैत्रातल्या जत्रेत मरगुबाईला तोफेची सलामी द्यायची. पाटील माणूस दिलदार, पण एकदा मनानं घेतलं की बैलासारखा हटून बसणारा. निपाणीहून एक मिस्त्री आला. त्यानं शेंदरावर टिचकी मारली, तोंडात काठी घातली आणि "मोडीत घाला" म्हणून चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर यल्लव्वा पुढं आली. तोफेच्या बुडाशी शेंदूर थोडा निघाला होता. तिथं तिनं बोट फिरवलं, मग बसली, कान लावून नखानं वाजवून बघितली.

"आण्णा," ती पाटलांना म्हणाली, "ही ओतीव न्हाय. घडीव हाय. आतनं लोखंडाच्या पट्ट्या उभ्या लावल्यात आन वरनं तापवून कडी चढवल्यात. आमी गाडीच्या चाकाला धाव चढवतोय न्हवं, तसंच. ह्यो लोहाराच्या हातचा माल हाय."

"मग तुमच्यानं हुईल?" पाटलांनी भरमूकडं बघून विचारलं. भरमूनं यल्लव्वाकडं बघितलं.

"हुईल," ती म्हणाली. "मजुरी नको. पर बार काढायच्या आधी कोनगावला नारळ धाडायचा."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बघू."

"बघू न्हाय आण्णा. धाडू म्हणा."

पारावर पंधरा-वीस माणसं बसलेली. पाटील गडबडले. "बरं बाई, धाडू," म्हणाले. मी साक्षीला होतो.

पहिली अडचण शेंदराची. देव झालेल्या वस्तूला छिन्नी लावायची कशी? मग गुरवानं मरगुबाईला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या आणि सगळे श्वास रोखून बसले. उजवी पाकळी इतक्या लवकर पडली की गुरवच चकित झाला. देवीलासुद्धा कंटाळा आला असावा. निघालेला शेंदूर पाटीतून नेऊन ओढ्यात सोडला, तेव्हा पाणी कोनगावच्या वळणापर्यंत लाल झालं होतं.

मग महिनाभर माझी शाळा नावापुरती भरली. मी खोटं कशाला बोलू, मीच भट्टीवर जाऊन बसायचो. तोफेच्या पोटातून चिखल निघाला, गोटे निघाले, खेकड्यांची कवचं निघाली. आत जुनी दारू असली तर काय, या भीतीनं मी लांब उभा. यल्लव्वानं चार दिवस नुसतं पाणी ओतून आत गज फिरवला, तेव्हा कुठं तिला विस्तवाजवळ नेलं.

खरा घोळ कानाचा होता. तोफेच्या बुडाशी वरच्या अंगाला बत्ती द्यायचं भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानात कुणीतरी पूर्वी पोलादी खिळा ठोकून तोफ बहिरी करून टाकली होती. भरमूनं दोन छिन्न्या मोडल्या. यल्लव्वा म्हणाली, "जोर नको. कंटाळा आणू त्याला." करंजेल ओतायचं, भोवती शेणी लावून तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा करंजेल. असं नऊ दिवस. दहाव्या दिवशी तिनं खिळ्याला एकच हलका ठोका दिला आणि तो हलला. भरमूनं सांडशीनं ओढून काढला. वितीएवढा खिळा. तो अबोल माणूस तेव्हा इतक्या मोठ्यानं "व्हय की गं!" असं ओरडला, की रस्त्यावरची म्हैस बुजली.

तीन कडी गंजून गेली होती. ती नवी करायची. दोरीनं तोफेच्या अंगाचं माप घ्यायचं आणि कडं मापापेक्षा जवाभर लहान ठेवायचं. शेणींच्या जाळात ते लाल झालं की फुगतं, तेवढ्या दोन पळांत चढवायचं, आणि वर पाणी ओतलं की आवळून बसतं. जवाभराच्या ऐवजी दोन जव लहान झालं तर चढत नाही, मापाबरहुकूम झालं तर सैल पडतं. यल्लव्वा दोरी दातात धरून माप घ्यायची आणि मनाशी काहीतरी पुटपुटायची. मी एकदा विचारलं, काय म्हणता? "आईनं शिकवल्यालं गाणं हाय," म्हणाली. "बा चाकाला कडं चढवायचा तवा आई म्हणायची. गाणं सरलं की पाणी वतायचं." तिन्ही कडी पहिल्याच खेपेला बसली. गावातल्या बायका तोफेला नवीन बांगड्या भरल्या म्हणून बघायला आल्या आणि यल्लव्वाचा हात हातात घेऊन तिच्याच बांगड्या कशा पिचल्यात ते दाखवून हसल्या. तीही खूप हसली. ते दिवस फार छान गेले. मला आजही आठवतात.

परवान्याचा अर्ज मी लिहिला. चिकोडीहून मामलेदार कचेरीचं उत्तर आलं: जत्रेच्या दिवशी एक वेळ बार काढण्यास हरकत नाही, मात्र तोफेत गोळा, खडे, खिळे अथवा इतर कोणतीही वस्तू घालता कामा नये. ते मी पारावर दोनदा वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

जत्रेचा दिवस उजाडला. तोफ नव्या बाभळीच्या गाड्यावर चढवून देवळामागच्या टेकाडावर नेली होती. तोंड ओढ्याकडं, कारण बाकी तिन्ही बाजूंना घरं. सकाळीच यल्लव्वा पाटलांच्या दारात गेली.

"आण्णा, नारळ गेला?"

पाटील पटका बांधत होते. "पुढल्या साली धाडू गं. त्येंनी नारळ माघारी धाडला तर माझं नाक कापलं जाईल. एवढ्या पै-पाव्हण्यांत?"

यल्लव्वा तशीच वळली. मी पाटलांना चार शब्द सुनावले, पण माझ्या शब्दांना तिथं विचारतो कोण? ती घरी गेली, ट्रंक उघडली आणि खालून एक खण काढला. हिरवा, लाल काठाचा, शहापूरच्या मागावरचा. नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईनं ओटीत घातलेला शेवटचा खण. तिनं तो कधी शिवलाच नव्हता.

तोफव्वा ही आता देवी, आणि देवीची ओटी भरल्याशिवाय काही सुरू होत नाही. बायका जमल्या. पण या देवीला मांडी नाही, पदर नाही. ओटी घालायची कुठं? पाटलीणबाईंनी तोफेच्या तोंडाकडं बोट केलं. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. हळदकुंकू, तांदूळ, सुपारी, सगळं तोंडात. नारळ एकच मावत होता, म्हणून पहिला मान जिनं तोफ नीट केली तिला दिला. यल्लव्वानं खणात नारळ गुंडाळला, डोळे मिटले, "माझी आई मला भेटीव," एवढंच म्हणाली आणि आत ठेवला. ओटी गुरवाच्या हक्काची असते. पूजा झाली की तो काढून नेणार, हे तिला ठाऊक होतं. आईचा खण आता आपला राहिला नाही हे ठाऊक असून तिनं तो दिला.

आता बघा कसं झालं. आतषबाजीवाल्यानं गर्दी नको म्हणून पहाटेच येऊन दारू भरून बोळा ठासला होता. तो म्हणाला, माझं काम झालं. गुरव म्हणाला, ओटी काय, आरती झाल्यावर काढतात, आणि आरती तर बार झाल्यावर. यल्लव्वा भट्टीवर सळई तापवायला गेली होती. तिला वाटलं, एव्हाना ओटी निघाली असेल. आणि मी, ज्यानं "इतर कोणतीही वस्तू" दोनदा वाचून दाखवलं, तो मी तिथंच छत्री घेऊन उभा. ओटी ही वस्तू असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाटलांनी लाल सळई हातात घेतली, कानापर्यंत नेली आणि तशीच माघारी घेतली. "लोहारणीचा मान हाय," असं मोठ्यानं म्हणून त्यांनी सळई यल्लव्वाला दिली. तिनं शांतपणे पुढं होऊन कानाला लावली.

बार असा झाला की देवळावरची कबुतरं निपाणीपर्यंत गेली असतील. धूर पसरला, आणि त्या धुरातून आमच्या अंगावर तांदूळ पडायला लागले. हळद पडली. गुरव एकदम ओरडला, "माझी ओटी!" तेव्हा सगळ्यांना उमगलं.

जत्रेच्या दिवशी कोनगावची माणसं पलीकडच्या काठावर येऊन बसत. यायचं नाही, पण बघायचं. त्यांच्यापुढं वीस पावलांवर खडकावर नारळ आदळून फुटला. हिरवा खण वर तरंगत गेला आणि बाभळीच्या काट्यांत अडकला.  मग पलीकडं कुणीतरी ओरडलं, "तोफ डागली आमच्यावर!" आणि काठ्या वर झाल्या. पाटलांचा चेहरा पांढराफटक. मला तर चिकोडीचा तुरुंगच दिसायला लागला, अर्जावर अक्षर माझं होतं.

तेवढ्यात एक म्हातारी उठून बाभळीकडं गेली. बाळाबाई. तिनं काठीनं खण काढला. एक कोपरा जळला होता. तिनं तो उलगडला, काठावरून बोट फिरवलं, दोनदा उलटून बघितला. तिचा आवाज रोज म्हशीला हाका मारून तयार झालेला, इकडं स्वच्छ ऐकू आला.

"काठ्या खाली घाला रं! नारळ आलाय. ओटी आलीया. खण माझ्या पोरीचा हाय."

काठावर कुजबूज झाली. नारळ आला, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. कसा आला याबद्दल रिवाजात काही सांगितलेलं नव्हतं. आणि आलेली ओटी रिकामी परत करता येत नाही. मारुतीराव पाटलांनी हे ऐकलं मात्र, छाती पुढं काढून म्हणाले, "मग! आम्हीच धाडला नारळ!" मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी पटका सारखा करायला घेतला.

घटकाभरानं कोनगावच्या बायका ओढ्यातून येताना दिसल्या. सगळ्यांत पुढं बाळाबाई, तिच्यामागं मष्णू आपल्या पोराला खांद्यावर घेऊन. पाणी घोट्याएवढं. नऊ वर्षं ते कुणाला ओलांडता आलं नव्हतं. गुरव पुढं धावला, तोफ दाखवत म्हणाला, "आजे, देवीची ओटी हितं. तोंडात घालायची."

बाळाबाईनं तोफेला हात जोडले. मग तशीच पुढं चालत आली. यल्लव्वा सळई हातात धरून उभीच होती, चेहऱ्यावर काजळी, केसांत तांदूळ. तिच्या हातातली सळई भरमूनं काढून घेतली.

"तोफंला कुठलं माहेर असतंय?" म्हातारी गुरवाला म्हणाली. "माहेर हिला हाय. पदर पसर गं."

यल्लव्वानं पदर पसरला. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना बघितलं, हमसून हमसून, सगळ्यांदेखत. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? जळका खण आधी पदरात पडला, मग तांदूळ. ओटी पाच मुठींची असते. पाच झाल्या तरी बाळाबाईचा हात थांबेना. सहा, सात. पाटलीणबाई म्हणाल्या, "आजे, पाच घालत्यात." म्हातारीनं मान वर केली नाही. आठवी घातली, नववी घातली, आणि मग रिकामा हात लेकीच्या तोंडावरून फिरवून म्हणाली, "ऱ्हायल्याली वरसं हाईत बाई. मोजूनच आणल्यात."